झील कोण धरतंय?

धाकटीने खुर्चीवर चढून छतावरच्या धुराच्या घंटीला प्लास्टिकची पिशवी घातली आणि तिचं तोंड केसांच्या रबराने आवळलं. खाली मास्तरीण खुर्ची धरून उभी होती आणि सारखी दाराकडे बघत होती.

"पडलीस तर मी धरणार नाही हां," मास्तरीण म्हणाली. "या इमारतीत मेणबत्तीसुद्धा चालत नाही आणि तू दिवा लावायला निघालीस."

"एक वात आहे गं."

"एक वात म्हणे! मागे कुणाचा तरी पाव करपला, तर चारही मजले रस्त्यावर आले होते. टॉवेल गुंडाळून. तू तेव्हा प्रयोगशाळेत होतीस म्हणून वाचलीस."

धाकटी खाली उतरली. मास्तरीण तिची खोलीसोबतीण. इकडे शिकायला येण्याआधी काही वर्षं शाळेत शिकवत होती, म्हणून हे नाव पडलं होतं. शाळा सुटली, सवय सुटली नव्हती. कपाची मूठ कुठल्या बाजूला असावी इथपासून ती सगळं दुरुस्त करी.

खिडकीखाली रस्ता नेहमीसारखा चालला होता. कचऱ्याची गाडी डबे उलटे करत होती, माणसं हातात कागदी पेले घेऊन पळत होती. आज सण आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते माहीत का करून घ्यावं? धाकटीने सकाळी न्हाऊन घेतलं होतं, बॅगेच्या तळाशी जपून ठेवलेला नवा कुर्ता घातला होता, दूध आटवून गोड केलं होतं. साखर जरा पुढे गेली होती. जेवण आटोपून तिला पुन्हा प्रयोगशाळेत जायचं होतं. तिथे ती काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायची आणि तडा आधी कुठून जातो ते बघायची. वर्षाचा अभ्यास तेवढाच होता. दोन आठवड्यांवर तोंडी परीक्षा आली होती.

पण दिवा, गोड, नवे कपडे हे सगळं निमित्त. आज तिला घराची झडती घ्यायची होती.

"पुन्हा तेच?" मास्तरीण म्हणाली. "अगं, सणाच्या दिवशी तरी तो संशयाचा किडा झोपव."

"तू ऐकून तर घे."

"शंभरदा ऐकलंय. वडील फोनवर येत नाहीत."

"येत नाहीत नाही. दोन महिने झाले, आलेच नाहीत. कधी झोपलेत, कधी देवळात गेलेत, कधी दाढी करताहेत. एवढी दाढी कुणाला असते?"

मास्तरीण हसली, पण धाकटीच्या कपाळावरची आठी हलली नाही.

अण्णा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. सबंध दिवस दातांत टाचण्या धरून काम करायचे आणि टाचण्यांसकट बोलायचे. गिऱ्हाइकाशी, रस्त्याने जाणाऱ्याशी, मशीनशी, कापडाशीसुद्धा. "तू आखूड निघालास काय रे लेका," असं कापडाला म्हणताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. असा माणूस दोन महिने लेकीशी बोलत नाही आणि रोज सकाळी मात्र त्याच्या फोनवरून निरोप येतो: 'सुप्रभात. अभ्यास नीट कर. तब्येत सांभाळ.' पुढे एक फूल. अण्णांनी जन्मात कधी तब्येत हा शब्द वापरला नव्हता. ते म्हणायचे, "खात जा." हे फूलबीलवालं काम दादाचं, यात तिला शंका नव्हती.

आणि आत्या! आत्या एकदा फोनवर आली की भाजी करपेपर्यंत ठेवत नाही. मागच्या आठवड्यात धाकटीने तिला मुद्दाम आडून विचारलं, "अण्णा कसे आहेत गं?" तर आत्या म्हणाली, "दूध उतू जातंय बाई," आणि फोन बंद. आत्याच्या घरात दूध येतच नाही. ती चहासुद्धा कोरा पिते.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरच्या माणसांना ती ओळखून होती. त्यांच्याकडे खोटं बोलणं म्हणत नसत, सांभाळून घेणं म्हणत. दादाची मोठी परीक्षा होती तेव्हा आजोबा गेले. परीक्षा संपेपर्यंत त्याला कुणी कळू दिलं नाही. तो मामाकडे राहून अभ्यास करत होता आणि रोज फोनवर आजोबांना विचारत होता. "आजोबा मावशीकडे गेलेत," आई सांगायची, "तिथल्या विहिरीचं काम काढलंय, येताना चष्म्याची काच बदलून येणार आहेत." धाकटी तेव्हा शाळेत होती. तिलाही फोन देत आणि तीही ठरल्याप्रमाणे म्हणे, "हो रे दादा, जुनी काच फुटली ना." तेव्हापासून तिला एक खूण कळली होती. आपल्या घरात खरं असतं ते दोन शब्दांत सांगतात. खोटं असलं की विहीर येते, चष्मा येतो.

"म्हणजे ते आजारी आहेत असं तुला वाटतं," मास्तरीण म्हणाली.

"तसं वाटतं किंवा..."

"किंवा काय?"

धाकटीने वात वळायला घेतली. कापूस नीट पिळला जाईना.

"किंवा ते माझ्याशी बोलतच नाहीयेत. अबोला धरलाय. मी इकडे यावं हे त्यांना नकोच होतं. मी निघाले त्या दिवशी अण्णा स्टँडवरसुद्धा आले नाहीत. म्हणाले, ब्लाउज द्यायचाय. आणि बाकीचे त्यांचा अबोला सांभाळून घेताहेत, मला वाईट वाटू नये म्हणून."

"यातलं कुठलं बरं तुझ्या मते?"

धाकटीने वात पुन्हा एकदा पिळली. वात दिव्यात बुडवली आणि पुस्तकांच्या चळतीला टेकवून फोन उभा केला.

तिकडे संध्याकाळ झाली होती. पडदा उजळला तो आईच्या कपाळाने.

"दिसतेय का गं? आम्हाला तू दिसतेस. वाळलीस बाई."

"आई, फोन जरा लांब धर. तुझं नुसतं कुंकू दिसतंय."

फोन डगमगला, छत दिसलं, पंखा दिसला, मग सगळं स्थिर झालं. दादाने फोन शिलाई मशीनवर टेकवलेला असणार. दुकानाची खोली आवरून बैठक घातली होती. कपड्यांचे गठ्ठे चादरीखाली झाकले होते. आई, दादा, वहिनी पुढे बसले होते, नवे कपडे घालून, फोटो काढायला बसल्यासारखे. खूप मागे, देवाच्या कोनाड्याशी, आसनावर अण्णा होते. कोनाड्यात दिवा होता. अण्णांच्या गळ्याला मफलर.

धाकटी पुढे वाकली.

"मफलर कशाला? तिकडे उकडतंय ना?"

"उकडतंय तर!" आई म्हणाली.

"थंडी पडलीय," दादा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी मध्ये पडली. "संध्याकाळची पडते हो. दिवसा उकडतं, संध्याकाळी पडते. त्यात ती नवीन लोकर आलीय ना दुकानात, निळी, तिचा नमुना म्हणून विणलाय, तर म्हटलं सणाला घालू देत."

विहीर आली, चष्मा आला. धाकटीने मास्तरणीकडे तिरप्या नजरेने पाहिलं. मास्तरीण फोनच्या बाजूला, पडद्यात दिसणार नाही अशी बसली होती. तिने भुवया वर केल्या.

"अण्णांना दे ना फोन. पाया पडते."

"इथूनच पड," दादा म्हणाला. "आता ते आसनावर बसलेत. आसनावर बसल्यावर बोलत नाहीत कुणाशी."

"कधीपासून?"

"यंदापासून."

"मौन आहे त्यांचं," आई घाईने म्हणाली. "सकाळपासून. सण म्हणून."

"मौन? मग कथा कोण सांगणार?"

"कथा चालते मौनात," आई म्हणाली.

मास्तरणीला ठसका लागला. तिने ओढणी तोंडात कोंबली.

अण्णांनी लांबून हात वर केला. आशीर्वादाला करतात तसा. तेवढंच. ना "बरी आहेस ना", ना "खात जा". धाकटीने वाकून नमस्कार केला आणि वर बघितलं तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटले होते. आपल्याला तिन्हीसांजेला वर केलेला हात पुरतो असं त्यांनी ठरवलंय वाटतं.

मग कथा सुरू झाली.

सणाच्या संध्याकाळी घरी कथा व्हायची. शेजारची चार घरं यायची, दिवा लागायचा, आणि दिवसभर टाचण्या चावणारे अण्णा झांज घेऊन गाऊन कथा सांगायचे. कुठल्या नाटकगृहात नव्हे, व्यासपीठावर नव्हे, कापडाच्या ताग्यांमध्ये. कथा दर वर्षी तीच, नावाड्याची. सगळ्यांना पाठ होती, तरी नाव मधल्या धारेला लागली की शेजारच्या काकू पदर डोळ्यांना लावायच्या. कथा पुरी झाल्याशिवाय पान वाढायचं नाही, हा घराचा नेम. आणि अण्णांच्या मागे उभं राहून ध्रुवपदाचा शेवट उचलून धरायचा, त्यांना दम घ्यायला सवड द्यायची, हे धाकटीचं काम. त्याला झील धरणं म्हणत. परकर नेसत होती तेव्हापासून ती झील धरत होती.

आवाज आला आणि तिच्या हातातली काडीपेटी तशीच राहिली.

*हाक आली, सोड नाव,*
*पैल कुणी उभे आहे...*

तोच आवाज. भरदार, जरासा खर्जातला, शेवटच्या अक्षरावर किंचित रेंगाळणारा. म्हणजे धड होते! ठणठणीत होते. देवाची कृपा, असं ती स्वतःशीच पुटपुटली, आणि दुसऱ्याच क्षणी छातीत काहीतरी कडू उतरलं. एवढा आवाज आहे, मग माझ्यासाठी दोन शब्द नव्हते? अबोलाच होता तर. दोन महिने कणाकणाने साठवलेला संशय आता एका जागी येऊन बसला. मोजून मापून, शिंप्याने टाका घालावा तसा धरलेला अबोला.

तिने आपल्या बाजूचा आवाज बंद केला. तिचं नाक ओढणं तिकडे ऐकू जायला नको होतं.

"काय झालं?" मास्तरणीने विचारलं.

"काही नाही. छान गातात ना?"

"सुरेख. पण ओठ आणि आवाज मागे-पुढे होताहेत बघ."

"नेट आहे तिकडचं. तसंच आहे."

कथा पुढे सरकली. नदीकाठी एक नावाडी राहत असे. पलीकडून कुणी हाक मारली की रात्र असो, पूर असो, तो ओ द्यायचा आणि नाव सोडायचा. एकदा अशीच हाक आली. गेला तर काठावर कुणी नाही. पुन्हा आली, पुन्हा गेला, पुन्हा कुणी नाही. गाव हसलं. बायको म्हणाली, अहो, कान फुंकून घ्या. पण हाक आली की बसवतं का? अण्णा हे सांगत तेव्हा आवाज असा खाली आणत की लोक पुढे सरकत. आत्ताही धाकटी पुढे सरकली होती.

ध्रुवपद आलं. अण्णा 'पैल कुणी'वर थांबले आणि मागून एका मुलीच्या आवाजाने ते उचललं.

"झील कोण धरतंय?" धाकटीने एकदम आवाज चालू करून विचारलं.

आईने शेजारी बोट दाखवलं. वहिनीने पदर तोंडाशी धरला होता, वर डोळे तेवढे दिसत होते. तिने मान डोलावली.

धाकटीने आवाज पुन्हा बंद केला. "वहिनी! हिला सूर कधीपासून कळायला लागला?"

"चांगलं गाते की."

"चांगलं काय त्यात? नाकातून येतोय आवाज. आणि घाई किती! त्यांचा शब्द संपतोय न संपतोय तोवर हिची उडी. वर जाताना तर चिरकतेच. अण्णांना असली झील चालायची नाही, मला तर डोळे वटारायचे." ती बोलत सुटली. दोन महिन्यांचं सगळं त्या बिचाऱ्या झिलेवर निघत होतं. "जागा रिकामी झाली की कुणीही उभं राहतं, दुसरं काय. ऐक, ऐक आता, ही पुन्हा उडी मारणार."

झील आली. उडी मारूनच आली.

मास्तरीण वाटीतलं गोड चमच्याने ढवळत होती. तिचा चमचा थांबला.

"अगं," ती हळूच म्हणाली, "तू न्हाणीघरात गातेस ना, ते हे असंच असतं."

"मी अशी गाते?"

"अगदी अशी."

"वेडी आहेस का? माझा आवाज असा..."

तेवढ्यात फोनमधून अण्णांचा आवाज गाता गाताच म्हणाला, "हं, सावकाश, बाळ. नाव बुडवशील माझी."

आणि खोलीभर हसू उसळलं. त्यात आत्याचं ते कोंबडीसारखं हसणं अगदी वेगळं ऐकू आलं. काकू हसल्या. एक मुलगी ओशाळून खुदकन हसली.

पडद्यावर मात्र कुणीच हसत नव्हतं. आई, दादा, वहिनी मुकाट्याने समोर बघत होते. आत्या तर त्या खोलीत नव्हतीच.

धाकटीने काडीपेटी खाली ठेवली.

घरात अण्णा वहिनीला सूनबाई म्हणत. बाळ म्हणत ते एकाच व्यक्तीला. गेल्या सणाला, याच ठिकाणी, तिने अशीच घाई केली होती आणि भरल्या खोलीत तिला हे ऐकावं लागलं होतं. दादा तेव्हा मामासाठी म्हणून फोनवर कथा भरून घेत होता. आत्ता जी चिरकत होती, नाकात गात होती, उड्या मारत होती, ती इथे पुस्तकांच्या चळतीसमोर बसली होती.

तिने पडद्यावर दोन बोटं ठेवून मागचा कोपरा मोठा केला. चित्र ठिपक्याठिपक्यांचं झालं. तरी दिसलं. अण्णांचे ओठ हलत होते, शब्दामागून शब्द, एकही न चुकवता. मान हलली तसा मफलर जरा सरकला आणि कडेला पांढरी पट्टी दिसली. गळ्याभोवती, दवाखान्यात बांधतात तशी.

घसा.

अबोला कुठला? अबोला धरायला आधी आवाज लागतो. आणि ते सकाळचे निरोप दादाचे नव्हतेच. ते त्यांनी स्वतः लिहिले असणार, सुईने भोकं पडलेल्या त्या जाड बोटांनी, एकेक अक्षर शोधून. ते फूलसुद्धा. आपण त्यांतल्या एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

"ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. मास्तरीण उठून तिच्या मागे आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.  पहिल्यांदाच तिने काही दुरुस्त केलं नाही.

फोनमधला आवाज नाव मधल्या धारेला घेऊन आला होता. वारा सुटला होता, काठ दिसेनासा झाला होता. नावाड्याने डोळे मिटले, वल्हं पाण्यात घातलं आणि...

आणि आवाज खटकन तुटला.

धाकटीला आठवलं. गेल्या सणाला दादाच्या फोनची बॅटरी याच सुमारास संपली होती. त्याच्याकडे जे होतं ते इथवरच होतं, आणि हे त्याने आधी तपासून पाहिलेलं नव्हतं. दादाने कुठली गोष्ट शेवटपर्यंत कधी तपासली होती!

पडद्यावर क्षणभर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादाचे डोळे विस्फारले. त्याने काहीतरी करायला म्हणून एक हात वर उचलला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "हलू नका!"

ते स्पष्ट ऐकू आलं.

मग सगळे थिजले. दादा हात वर करून. आई अर्धं तोंड उघडं ठेवून. वहिनी पदराचं टोक चिमटीत धरून.

"गेलं का नेट?" मास्तरणीने कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग हे असे..."

"वर पंखा बघ."

पंखा फिरत होता. कोनाड्यातल्या दिव्याची ज्योत डावीकडे झुकत होती, सरळ होत होती. दाराचा पडदा फुगत होता. त्या सगळ्यात धाकटीच्या घरची तीन माणसं फोन अडकल्याचं सोंग घेऊन श्वास रोखून बसली आहेत, हे मास्तरणीच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. ते तिने अर्ध्यावर गिळलं, कारण धाकटी हसत नव्हती.

एक शब्द पुरला असता. "पुरे आता, मला कळलंय," एवढं म्हटलं असतं तरी बास होतं. मग आई रडली असती. दादा म्हणाला असता, परीक्षा होती गं तुझी, डॉक्टर म्हणतात येईल आवाज, कदाचित येणार नाही, पण जिवाला धोका नाही. वहिनीने लोकरीबद्दल माफी मागितली असती. सगळं खरं खरं, दोन दोन शब्दांत. तिला तेच तर हवं होतं. झडती घ्यायलाच बसली होती ती.

तिचं बोट आवाजाच्या खुणेवर येऊन थांबलं.

एक माणूस थिजला नव्हता. अण्णांना सोंग कधी जमलंच नव्हतं. ते आसनावर मान खाली घालून बसले होते, मशीनमध्ये दोरा तुटल्यावर बसतात तसे. एका हातात झांज होती, ती मांडीवर आडवी पडली होती. ओठ अजून हलत होते. पुढचा शब्द होता त्यांच्याकडे. तो वर येत होता आणि पट्टीशी येऊन अडत होता. नाव मधल्या धारेत उभी होती. असं कधी झालं नव्हतं. ताप असो, पाऊस असो, घरात सुतक फिटलेल्या वर्षीही, नाव काठाला लागल्याशिवाय त्या घरात कुणी जेवलं नव्हतं.

धाकटीने आवाज चालू केला.

"नेट अडकलंय वाटतं तुमचं," ती म्हणाली. "चित्र हलत नाहीये. असू दे. माझं तिकडे पोचत असेल तर ऐका. पुढचं मी म्हणते."

पडद्यावर कुणी हललं नाही. आईची पापणी तेवढी फडफडली.

तिने आजवर कधी कथा सांगितली नव्हती. झील धरणाऱ्याला कथा पाठ असते, पण पाठ असणं वेगळं आणि पुढे उभं राहणं वेगळं. ती उठली. बसून तिला आवाज लावता येत नव्हता. मागे-पुढे कुणी नव्हतं, झांज नव्हती. मास्तरणीने कुणी न सांगता दिवा लावला आणि बाजूला सरकली.

"वल्हं पाण्यात घातलं," धाकटीने सुरुवात केली आणि आवाज चिरकला. ती थांबली, घोट गिळला. "वल्हं पाण्यात घातलं आणि म्हणाला, बाबा, मला काठ दिसत नाही, तुला मी दिसतो ना? मग झालं."

नाव ओढत ओढत पलीकडे लागली. नावाडी उतरला. वाळूवर पाऊल नाही, माणूस नाही, काठी नाही. तो हसला. म्हणाला, हरकत नाही, हाक तर खरी होती. पुन्हा नावेत बसला आणि परत फिरला. आणि परतताना, मंडळी, वल्हं जड लागलं. त्याने खाली वाकून पाहिलं. नाव रिकामी होती. पण पाणी काठोकाठ आलं होतं. कुणी मोठं माणूस बसल्यासारखी नाव पाण्यात खोल बसली होती.

'मंडळी' हा शब्द तोंडातून कसा गेला ते तिला कळलं नाही. तो अण्णांचा होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला. तिने तो ऐकला नाही. ती घाई करत नव्हती. एकेका शब्दाला त्याची जागा देत होती, आणि पडद्यावरच्या थिजलेल्या चित्रात आईच्या गालावरून एक थेंब सरळ खाली घरंगळत आला. तो पुसायला हात उठला नाही.

नावाडी नमस्कार करायला वाकला नाही, धाकटीने सांगितलं, कारण वल्हं सोडलं असतं तर नाव भरकटली असती. तो नुसता वल्हवत राहिला. ज्याला पोचवायचं त्याला पोचवणं, हाच त्याचा नमस्कार. आणि मग तिने डोळे मिटून शेवटचं ध्रुवपद धरलं.

*हाक आली, सोड नाव,*
*पैल कुणी...*

इथे कथा सांगणारा थांबतो. दम घेतो. पुढचं त्याचं नसतं.

ती थांबली. मागे कुणी नव्हतं. मास्तरणीला शब्द माहीत नव्हते. वहिनीच्या चिमटीत पदर तसाच होता. ज्योत हलली, पंखा फिरला. रिकामी जागा लांबत गेली, आणि तरी धाकटीने ती स्वतः भरली नाही.

कोनाड्याशी अण्णांनी मान वर केली. मफलर एका हाताने खाली ओढला. आईचा हात त्यांना अडवायला निघाला आणि अर्ध्यात आठवण येऊन हवेतच राहिला.

"...उभे आहे."

सूर नव्हता त्यात. जाड कापड फाडावं तसा खरखरीत, दोन्ही टोकांना विरलेला तो आवाज होता, आणि तो अगदी आपल्या जागेवर आला होता, ना आधी, ना नंतर.

धाकटीने पुढची ओळ उचलली.

तेव्हा कुठे दादाने वर धरलेला हात खाली घेतला.